उंच टाचांच्या साळवे मॅडम

साळवे मॅडम माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी पायांकडे बघायच्या. पहिल्यांदा भेटणाऱ्याला हे जरा चमत्कारिक वाटायचं. मलाही वाटलं होतं. पाथर्डीच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी स्टाफरूमच्या दारात घुटमळत उभी होते. आत खिडकीशी एक ठेंगण्या, सावळ्या बाई उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली ती माझ्या चपलांपर्यंतच.

"डाव्या घोट्याला कधी लागलं होतं का?" त्यांनी विचारलं.

लागलं होतं. कॉलेजात असताना एसटीतून उतरताना पाय मुरगळला होता, आणि ते मी स्वतःही विसरून गेले होते. तुम्हाला कसं कळलं, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "डावी चप्पल बाहेरच्या कडेला झिजलीय. पाय अजून सांभाळून टाकतो तो. बसा ना. मी साळवे. फिजिक्स."

मग त्या उठून पंख्याचं बटण लावायला गेल्या तेव्हा मी त्यांच्या पायांकडे बघितलं. सुती इस्त्रीची साडी, आणि खाली चांगल्या उंच टाचेच्या काळ्या सँडल. पाथर्डीत तेव्हा अशा सँडल लग्नकार्यात दिसायच्या, त्याही मांडवापुरत्या. स्टँडपासून कॉलेजपर्यंतचा रस्ता कुठे खडीचा, कुठे फुफाट्याचा. साळवे मॅडम त्यावरून रोज त्याच उंचीवरून चालत यायच्या. भरभर नाही, पाऊल लहान टाकत, पण न अडखळता. वाट कुठे खराब झालीय हे त्यांना नगरपालिकेच्या आधी माहीत असायचं.

कॉलेजात सगळ्यांचं एकच मत होतं की बाईंना उंची कमी वाटते. हे मत त्यांच्या कानावर होतं. "उंची वाढवायची असती तर स्टुलावर उभी राहून शिकवलं असतं," त्या म्हणायच्या. "मला आवडतात म्हणून घालते. आणि त्या कशा उभ्या राहतात याचं मला नवल वाटतं."

हे नवल हाच त्यांचा खरा स्वभाव होता. गुरुत्वमध्य शिकवायचा झाला की त्या एखाद्या मुलीला पुढे बोलवायच्या आणि चवड्यांवर उभं राहायला सांगायच्या. मुलगी डुलायला लागली की वर्गाला विचारायच्या, "ही आता का डुलतेय? मघाशी हिचं वजन वेगळं होतं का?" मुलं हसायची. मग मॅडम शांतपणे सांगायच्या की हसून झालं की उत्तर लिहा, हा प्रश्न चाचणीत येणार आहे. तो खरंच यायचा. पाय सगळा टेकलेला असला की तोल जायला जागा भरपूर असते, टाच उचलली की ती जागा एवढीशी होते आणि घोटासुद्धा ढिला पडतो, हे आमच्या मुलींना पाठ झालं होतं.

मी एकदा म्हटलं, "एवढं सगळं कळतं तर मग हिल सोडूनच द्या की."

त्यांना हे आवडलं नाही. "सायकलवरून माणूस पडतो म्हणून सायकल बंद करायची की ब्रेक नीट लावायचे? बूट वाईट नसतो अलका. बनवणाऱ्याने पाय बघितलेला नसतो."

"पाय बघितलाय का?" हा त्यांचा पेटंट प्रश्न होता. सगळ्यात जास्त वेळा तो नगरच्या कापड बाजारातल्या एका चप्पल दुकानदाराला ऐकावा लागला. पेपरांच्या कामासाठी आम्हा दोघींना अधूनमधून नगरला जावं लागायचं, आणि काम संपलं की मॅडमचे पाय आपोआप त्या दुकानाकडे वळायचे. त्यांना पायऱ्या चढताना बघितलं की दुकानदार पोऱ्याला चहा सांगायचा, कारण आता तासाभराची निश्चिंती असायची.

मॅडम सँडल आधी पायात घालायच्याच नाहीत. काउंटरच्या काचेवर ठेवायच्या आणि मागून हलकासा धक्का द्यायच्या. डुगडुगली की परत खोक्यात. न डुगडुगणारीची दोन टोकं हातात धरून वाकवायच्या. बोटांपाशी वाकली तर ठीक. मधोमध वाकली की म्हणायच्या, "आत पट्टी नाही घातलेली हिच्यात. चालताना कमान खचणार." मग टाच बघायच्या. टाच सँडलच्या अगदी मागच्या कडेला लावलेली असली की त्यांच्या कपाळावर आठी यायची.

"खांब भिंतीखाली उभा करतात की अंगणात?" त्या दुकानदाराला विचारायच्या. "बाईचं वजन इथे पडतं, टाचेच्या मध्यावर. आणि तुमचा खांब तिथे मागे. पाय बघितलाय का बनवणाऱ्याने?"

"मॅडम, मी फक्त विकतो," तो म्हणायचा.

यातूनही एखादी जोडी पास झालीच, तर ती पायात घालून मॅडम दुकानाबाहेर निघायच्या. दुकानदार घाईने आडवा यायचा. "मॅडम, आत चाला की. गालिचा टाकलाय खास."

"मी गालिच्यावर राहत नाही हो."

"रस्त्यावर घालून फिरलात आणि नाही घेतली, तर मी ती कोणाला देऊ?"

हा वाद बरीच वर्षं चालला. शेवटी त्या भल्या माणसाने गालिच्याचं एक टोक दुमडून खालची शहाबादी फरशी मोकळी केली. "ही तुमच्यासाठी," तो म्हणाला. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी काही तपासलंच नाही, नुसतीच फरशीवर ये-जा केली. पुढे मी एकटी कधी त्या दुकानात गेले तर इतर बायकाही त्या फरशीवर चालून बघत असलेल्या दिसायच्या.

त्यांच्या आई शेवटची काही वर्षं त्यांच्याकडे राहायला आल्या. मॅडमचे वडील लवकर गेले होते. आईने आयुष्यभर ऊसतोडीला जाऊन मुलीला शिकवलं होतं. मॅडमनी लग्न केलं नाही, त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा आई पलंगावर बसल्या होत्या आणि मॅडम त्यांच्यासमोर जमिनीवर. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाय कसा टाकायचा, हे त्या आईला विचारत होत्या.

"कसा म्हंजी? पाय टाकला का टाकला," आई म्हणाल्या. "फळीकडं न्हाई बघायचं. सगळा तळवा टेकला का मंग दुसरा उचलायचा. त्यात काय सांगायचं?"

"आणि चप्पल?"

"फळीवं चप्पल कशाला? घसरंल ना." मग त्यांनी लेकीच्या पायांकडे बोट दाखवलं. "ह्या तुझ्या घालून मला चालता ईल का?"

मॅडमनी क्षणाचाही विचार न करता दारातल्या सँडल आणल्या आणि आईच्या पायांत घातल्या. पाय रुंद, बोटं फाकलेली, पट्ट्यांत कशीबशी मावली. आईने एक हात लेकीच्या खांद्यावर आणि एक माझ्या खांद्यावर ठेवला आणि त्या उभ्या राहिल्या. मग दोन पावलं टाकून म्हणाल्या, "आगं, ही तर उताराची वाट हाय. सपाट घरात बी घाट उतरल्यावानी वाटतंय. दिसभर उतरत आस्ती व्हय तू?"

मॅडम हसता हसता खाली बसल्या. पुढच्या आठवड्यात फिजिक्सच्या वर्गात फळ्यावर उताराची आकृती काढून त्यांनी हेच शिकवलं, आणि हे वाक्य कोणाचं तेही सांगितलं.

त्याच रविवारी आई सँडल काढता काढता सहज बोलून गेल्या, "माझी सासू पेठंतून जाताना पायातलं काढून हातात घ्यायची. तसाच रिवाज हुता. आमी धम्मात आलो, तवापासून कुणी न्हाई काढलं. पन हिनं पार कळसच केला. लांबून कळतं, आली म्हनून."

मी मॅडमकडे बघितलं. त्या सँडलची पट्टी सरळ करत होत्या. "पहिल्या पगाराची जोडी घेतली तेव्हा दुकानात बिनआवाजाच्याही होत्या," त्या म्हणाल्या. "मी त्या मागे सारल्या." मग त्या चहा ठेवायला आत गेल्या. या विषयावर त्या माझ्याशी एवढंच बोलल्या.

अश्विनीची गोष्ट यानंतरची. ती आमची विद्यार्थिनी. आईवडील अजूनही ऊसतोडीला कारखान्यावर जाणारे. बारावीनंतर तिने हॉटेलच्या कामाचा कोर्स केला आणि शिर्डीतल्या एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनला लागली. पेढे घेऊन कॉलेजात आली होती. काही महिन्यांनी तिचा मॅडमना फोन आला. लॉबीच्या पायऱ्यांवर पाय मुरगळून पडली होती, घोट्याला प्लास्टर होतं. गणवेशातले हिलचे बूट घालता येतील तेव्हा परत ये, नाहीतर हाऊसकीपिंगमध्ये चादरी बदलायचं काम घे, असं हॉटेलने सांगितलं होतं. तिकडे वडिलांनी स्थळं बघायला सुरुवात केली होती.

"मॅडम, ते म्हणतात हिला सवय नाही," ती फोनवर म्हणाली. "खेड्यातली आहे, चालता येत नाही, म्हणून पडली."

मॅडमनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "शनिवारी शिर्डीला येतेस का? मला ते बूट बघायचेत."

एसटीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. नगर मागे पडल्यावर एकदम म्हणाल्या, "भांडायला नाही जायचं हं. बघायला जायचंय." हे त्या मला सांगत होत्या की स्वतःला, ते कळलं नाही.

हॉटेलचा मॅनेजर तरुण होता, अदबीने वागला. चहा मागवला. लॉबी आरशासारखी, काळ्या ग्रॅनाइटची. दर्शन करून पाय धुऊन आलेले भाविक ओल्या पायांनी आत येत होते, आणि एक बाई सारखी पोछा मारत फिरत होती. काउंटरमागे तीन मुली उभ्या होत्या, सगळ्यांच्या पायांत एकसारखे काळे बंद बूट. मॅडमनी त्यांतल्या एकीला बूट काढायला सांगितला आणि तो उलटा करून मॅनेजरसमोर धरला.

"टाचेखालचा रबर निघून गेलाय, बघा. खिळा राहिलाय. ग्रॅनाइटवर खिळा कसा थांबेल?" मग त्यांनी आत बोट घातलं आणि कापसाचा बोळा बाहेर काढला. "हे काय गं?"

मुलगी ओशाळली. "मोठे होतात मॅडम. सगळ्यांना एकदमच घेतले होते. टाच बाहेर येते म्हणून घालते."

मॅडमनी मॅनेजरची परवानगी घेऊन बाटलीतलं थोडं पाणी फरशीवर सांडलं, त्यावर बूट ठेवला आणि करंगळीने ढकलला. तो काउंटरच्या पायापर्यंत गेला. पोछावाली बाई लगबगीने धावत आली.

"मॅडम, तुमचं पटतंय," मॅनेजर म्हणाला. "पण रिसेप्शनला सपाट चपला मालकांना चालणार नाहीत. शोभत नाही ते."

"सपाट मी म्हटलंच नाही. मी काय घातलंय ते बघा."

मॅनेजर काउंटरवरून वाकून बघायला लागला. मॅडमची टाच त्या बुटांपेक्षा जराही कमी नव्हती, पण खाली रुंद होती, आणि घोट्याला पट्टी होती. मुली तोंडावर हात धरून हसल्या. त्यांतली जरा धीट होती ती म्हणाली, "सर, आम्हाला हिल आवडतात. साडीवर छान दिसतात. फक्त हे बूट नकोत. शिफ्ट संपली की पोटऱ्या लाकडासारख्या होतात."

"मग हे आधी कधी बोलला नाहीत?"

ती धीट मुलगी म्हणाली, "बोललो असतो तर आम्हालापण सवय नाही, असंच झालं असतं ना सर."

मॅनेजरने तो बूट उचलून काउंटरवर ठेवला. नमुन्याला एक जोडी पाठवा, मी मालकांपुढे ठेवतो, एवढंच म्हणाला. मॅडमनी नगरच्या दुकानदाराला कामाला लावून जोडी पाठवली. त्यानंतर मात्र काहीच कळेना. अश्विनीचं प्लास्टर निघालं. चादरी बदलायचं काम तिने नाकारलं होतं, घरी बसून होती. एका स्थळाकडून पसंतीचा निरोप आला. मॅडम रोज स्टाफरूममध्ये फोन समोर ठेवून बसायच्या. मी त्यांना एवढं अस्वस्थ कधी बघितलं नव्हतं. "मी पाणी सांडायला नको होतं का गं?" त्या एकदा म्हणाल्या. "त्याला अपमान वाटला असेल का?"

तसं काही नव्हतं. जोडी मालकांच्या केबिनमध्ये कपाटावर पडून होती. एक दिवस त्यांच्या सूनबाईंनी ती बघितली, हौस म्हणून घातली आणि लॉबीत फेऱ्या मारल्या. मग त्यांनीच विषय लावून धरला. नवे बूट आले तेव्हा प्रत्येकीच्या पायाचं माप घेतलं गेलं. अश्विनी काउंटरवर परत गेली. स्थळाला तिने स्वतःच नाही म्हटलं, आणि वडिलांनी थोडी कुरकुर करून ऐकलं.

तिचा आनंदाचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. मॅडमचा पहिला प्रश्न होता, "उजवीकडची टाच झिजतेय का? महिन्याने फोटो पाठव." पुढे त्या हॉटेलच्या सगळ्याच मुली त्यांना बुटांच्या तळव्यांचे फोटो पाठवायला लागल्या. मॅडमच्या मोबाईलमध्ये माणसांचे फोटो थोडे आणि तळव्यांचे जास्त होते.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या लंगडत आल्या. सुट्टीत घरी सपाट चपला घातल्या आणि पोटरी धरली, असं म्हणाल्या. नगरच्या डॉक्टरांनी पाय तपासून सांगितलं की इतकी वर्षं टाच वर राहून पोटरीचा स्नायू आखडलाय. मला वाटलं त्या खचतील. त्या दुसऱ्या दिवशी स्टाफरूमचं दार लावून अनवाणी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "खाली बस आणि बघ. गुडघा पुढे वाकवला की टाच उचलली जाते. जमिनीवर राहतच नाही. विचित्र आहे की नाही?"

"दुखत नाही का?"

"दुखतं ना. पण बघ तरी."

एकदम सपाट चपलांवर यायचं नाही, हळूहळू उतरायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग दर काही महिन्यांनी त्यांची टाच थोडी खाली यायची. नवी जोडी, आधीपेक्षा जराशी कमी. कॉलेजात कोणाच्या लक्षातही आलं नाही की साळवे मॅडम आपल्या डोळ्यांदेखत बुटक्या होत चालल्या आहेत. दोन तासांच्या मध्ये त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर चवडे टेकून, कठडा धरून उभ्या राहायच्या आणि टाचा हवेत खाली सोडायच्या. त्यांचं बघून मुलीही तसंच करायला लागल्या.

उंच जोड्यांपैकी पहिली जोडी खोक्यात घालताना मी त्यांच्या घरी होते. आई तेव्हा गेलेल्या होत्या. मॅडमनी सँडल पुसल्या, कागदात गुंडाळल्या, पुन्हा कागद उघडून एकदा बघितल्या.

"वाईट वाटतंय का?" मी विचारलं.

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "हो, वाटतंय. चूक झाली असं नाही वाटत. पण आधी कळलं असतं तर रोज संध्याकाळी पोटरी ताणली असती. एवढं साधं होतं." मग खोकं कपाटावर ठेवून म्हणाल्या, "मुलींना सांगायला हवं हे."

निवृत्तीनंतर त्या नगरला सावेडीत राहायला गेल्या आणि आमच्या भेटी कमी झाल्या. शेवटची भेट माझ्या पुतणीच्या लग्नात, नगरजवळच्या एका लॉनवर झाली. गोरज मुहूर्त होता. मॅडम मोरपंखी रेशमी साडी नेसून आल्या होत्या, पायांत मऊ, जवळजवळ सपाट चपला. आम्ही शेजारी बसलो होतो. नवरी दूरच्या खोलीतून निघाली. हिरवळ ओलांडून तिला स्टेजकडे जाणाऱ्या लाल पट्टीपर्यंत यायचं होतं. ती फार हळू येत होती, मान खाली, मध्येच थांबत. आमच्या मागच्या बायका कौतुकाने म्हणाल्या, किती लाजतेय पोरगी.

"लाजत नाहीये ती," मॅडम माझ्या कानात म्हणाल्या. "रुततेय."

दुपारीच हिरवळीवर पाणी मारलं होतं, आणि पोरीने पेन्सिलीसारख्या टाचेच्या सँडल घातल्या होत्या. मला हे कळेपर्यंत मॅडम उठल्यादेखील होत्या. त्या सरळ नवरीपाशी गेल्या, तिच्या कोपराखाली हात घातला आणि काहीतरी बोलल्या. नवरी हसली. मग दोघी चवड्यांवर, टाच न टेकवता, लहान मुलींसारख्या पटपट चालत लाल पट्टीपर्यंत आल्या. तिथे मॅडमनी तिचा हात सोडला. नवरी पुढे गेली, सनई वाढली, लोक अक्षता घेऊन उठून उभे राहिले.

मी गर्दीतून मान उंचावून मॅडमना शोधलं. त्या परत आल्या नव्हत्या. सगळ्यांची पाठ त्यांच्याकडे होती. मंगलाष्टकं सुरू झाली होती आणि साळवे मॅडम रेशमी साडीचा घोळ सावरून हिरवळीवर उकिडव्या बसल्या होत्या. नवरीच्या टाचांनी पाडलेली बारीक भोकं ओळीने तिथे उमटली होती. त्यांतल्या एकात करंगळी घालून, मान कलती करून, ते किती खोल गेलंय ते त्या बघत होत्या.